शेजारी मोजणारा गणितज्ञ

गेल्या आठवड्यात एका परिचितांनी मला मोबाइलवर एक व्हिडिओ पाठवला. काळ्या पडद्यावर पांढरे ठिपके उगवत, विझत, सरपटत होते आणि खाली लिहिले होते की जीवसृष्टी कशी निर्माण झाली याचे सूत्र एका गणितज्ञाला सापडले आहे. तसे काहीही नाही. तो गणितज्ञ जॉन कॉनवे यांनी केंब्रिजमध्ये रचलेला आणि १९७० साली प्रसिद्ध झालेला ‘लाइफ’ हा खेळ होता. ज्यांनी गट सिद्धांतात, म्हणजे सममितींच्या गणितात, पहिल्या प्रतीचे काम केले त्यांना जग या खेळापुरतेच ओळखते, याची खुद्द कॉनवे यांनाही चीड होती.

हा खेळ चौकटीच्या वहीवर खेळता येतो. प्रत्येक चौकटीला कडेने किंवा कोपऱ्याने चिकटलेले ८ शेजारी असतात. जिवंत चौकटीचे २ किंवा ३ शेजारी जिवंत असले तर ती पुढच्या पिढीत टिकते, एरवी मरते. मृत चौकटीचे नेमके ३ शेजारी जिवंत असले तर ती जिवंत होते. एवढ्या नियमांवर ‘ग्लायडर’ नावाची ५ चौकटींची आकृती दर ४ पिढ्यांत तिरकी एक घर सरकते. अशा यंत्रणांना सेल्युलर ऑटोमाटा म्हणतात. त्यांत रसायन नाही, पेशी नाही, फक्त शेजाऱ्यांची मोजणी आहे.

माझ्या मते कॉनवे यांची खरी करामत १९६८ सालची, आणि तिच्या मुळाशीही शेजारीच आहेत. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात संत्र्यांची घट्ट रास रचलेली असली, तर तिच्या पोटातल्या प्रत्येक संत्र्याला १२ शेजारी टेकलेले असतात. गणितज्ञ जॉन लीच यांना २४ मितींमध्ये गोळ्यांची अशी रचना सापडली होती की तिच्यातल्या प्रत्येक गोळ्याला १,९६,५६० शेजारी टेकतात. २४ मितींत गूढ काही नाही. बिंदूचा पत्ता सांगायला तीनऐवजी २४ आकडे लागतात, इतकेच. प्रश्न होता या रचनेच्या सममितींचा, म्हणजे ती फिरवून किंवा उलटवून पुन्हा जशीच्या तशी किती प्रकारे बसते याचा, आणि कॉनवे यांनी तो त्यासाठी राखून ठेवलेल्या पहिल्याच शनिवारी दुपारी बसून मध्यरात्रीच्या सुमारास सोडवला.

सममिती मोजायच्या कशा? पणजीच्या एखाद्या जुन्या घरातली चौकोनी फरशी घ्या. ती फिरवून किंवा पालथी करून त्याच खाचेत किती प्रकारे बसेल? एक कोपरा धरा. तो चारांपैकी कोणत्याही कोपऱ्याच्या जागी नेता येतो, आणि जागीच ठेवला तर दोनच पर्याय उरतात: काही न करणे, किंवा त्या कोपऱ्यातून जाणाऱ्या कर्णाभोवती फरशी उलटवणे. चार दुणे आठ. यांतल्या कोणत्याही दोन क्रिया लागोपाठ केल्या तरी परिणाम या आठांतलाच निघतो, म्हणून त्यांना गट म्हणतात.

आता कोपऱ्याच्या जागी लीच यांच्या रचनेतला मधल्या गोळ्याचा एक शेजारी धरा. तो १,९६,५६० पैकी कोणत्याही जागी नेता येतो. त्याला जागीच ठेवणाऱ्या सममिती ४,२३,०५,४२,१३,१२,००० आहेत. गुणाकार येतो ८३,१५,५५,३६,१३,०८,६७,२०,०००. कॉनवे यांची आकडेमोड वेगळ्या वाटेने गेली, पण उत्तर हेच. शिवाय त्या शेजाऱ्याला जागी ठेवणाऱ्या सममितींचा गट स्वतःच ‘साधा’ आहे, म्हणजे मूळ संख्येसारखा, ज्याचे आणखी विघटन होत नाही. शेजाऱ्याऐवजी त्याच्या पुढच्या कवचातला गोळा धरला की दुसरा साधा गट मिळतो, आणि संपूर्ण गटाला सर्व दिशा एकदम उलटवण्याच्या क्रियेने भागले की तिसरा. एकाच साच्यातून निघणाऱ्या गटांच्या कोणत्याही अनंत कुटुंबात न बसणारे मर्यादित साधे गट एकूण २६; त्यांतल्या या तिघांना कॉनवे यांचे नाव आहे.

त्या २६ मधला सर्वांत मोठा म्हणजे ‘मॉन्स्टर’. त्याच्याशी निगडित १,९६,८८३ ही संख्या गणिताच्या अगदी दूरच्या शाखेतल्या १,९६,८८४ पेक्षा एकनेच कमी आहे, हे १९७८ साली जॉन मॅके यांच्या लक्षात आले. नावाच्या स्पेलिंगात एक अक्षर वाढवून भाग्य बदलणारे अंकज्योतिषी अशा योगायोगावर दुकान थाटून मोकळे होतात. कॉनवे आणि सायमन नॉर्टन यांनी मात्र त्यावरून काटेकोर अनुमान मांडले, आणि रिचर्ड बॉर्चर्ड्स यांनी १९९२ साली ते सिद्ध केले. कॉनवे यांचे तेवढ्याने समाधान झाले नाही. मॉन्स्टर मुळात अस्तित्वात का आहे, हे मरण्यापूर्वी कळावे असे ते बोलून दाखवत. ११ एप्रिल २०२० रोजी कोविडने त्यांचे निधन झाले, तेव्हा ते उत्तर त्यांना मिळालेले नव्हते.