चेहऱ्यावर पोत चढवण्याच्या तंत्राची पार्श्वभूमी

कुस्तीचे मैदान जवळ आले की कोल्हापुरातल्या चौकांत पैलवानांचे फलक लागतात. त्यांतल्या काही चेहऱ्यांवर हल्ली तडकलेली माती, गिलावा उडालेली भिंत किंवा काळ्या दगडाचा खडबडीतपणा चढवलेला असतो; पृष्ठभागाच्या अशा रूपालाच पोत म्हणतात. ज्याचे आयुष्य आखाड्याच्या तांबड्या मातीत गेले, त्याच्या गालावर तीच माती दिसावी ही कल्पना मला मनापासून आवडते. पण पुष्कळदा ती माती गालावर बसत नाही. चेहऱ्यापुढे छापील कागद धरल्यासारखी सपाट दिसते. हे का होते, ते या तंत्राच्या इतिहासात शोधावे लागते.

अनेक छायाचित्रे एकत्र करण्याची खटपट संगणकाच्या पुष्कळ आधीची आहे. ऑस्कर रेलँडर यांनी १८५७ साली तीसहून अधिक निगेटिव्ह (ज्यावर उजेड-अंधार उलटे उमटतात आणि ज्यावरून फोटो छापतात ती काच वा फिल्म) जोडून एक चित्र छापले आणि पुढच्याच वर्षी हेन्री पीच रॉबिन्सन यांनी पाच निगेटिव्हचे आपले चित्र लोकांपुढे ठेवले. मात्र त्यांचे काम तुकडे शेजारी-शेजारी जोडण्याचे होते. एकावर एक चढवण्याचे तत्त्व पारदर्शक स्लाइडमध्ये अधिक स्पष्ट दिसते. दोन स्लाइड एकमेकींवर ठेवून उजेडाकडे धरल्या, तर प्रकाश दोन्हींतून गाळून येतो आणि चित्र गडद होते. त्याच दोन स्लाइड दोन प्रोजेक्टरांनी एका पडद्यावर टाकल्या, तर प्रकाशाची बेरीज होऊन चित्र उजळते. आज संगणकावर ‘मल्टिप्लाय’ आणि ‘स्क्रीन’ म्हणून जे पर्याय दिसतात, ते याच दोन वागणुकींचे गणित आहे.

पोताची खरी जाण मात्र रिटचिंग, म्हणजे फोटोतले दोष हाताने झाकण्याचे काम, करणाऱ्यांच्या हाताला होती. सुरकुती किंवा व्रण छापात काळा उमटतो, म्हणजे निगेटिव्हवर ती जागा पातळ असते. तिथे टोकदार पेन्सिलीने बारीक ठिपके भरले की छापात ती उजळते. हे ठिपके गालाच्या वळणाबरोबर वळवावे लागत, नाहीतर कातडीऐवजी मेण दिसे. कोल्हापुरात या नजरेला चित्रकलेची भक्कम जोड होती. १९१८च्या सुमारास महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी करणारे बाबूराव पेंटर नाटकांचे पडदे रंगवत चित्रपटाकडे आले होते. चित्रकाराच्या त्या शिस्तीत आधी चेहऱ्याचा छायाप्रकाश ठरतो आणि मग वरचे बारकावे येतात. हा क्रम उलटला की पोत उपरा वाटतो, असे माझे मत आहे.

संगणकाच्या बाजूने १९७४ साली एड कॅटमुल यांनी वक्र पृष्ठभागावर सपाट चित्र गुंडाळण्याची रीत मांडली आणि १९८४ साली थॉमस पोर्टर व टॉम डफ यांनी चित्रांचे थर एकमेकांत मिसळण्याचे गणित पक्के केले. थॉमस आणि जॉन नोल या भावांचे फोटोशॉप हे फोटोंवर काम करण्याचे सॉफ्टवेअर फेब्रुवारी १९९०मध्ये बाजारात आले, पण लेयर, म्हणजे एकमेकांवर ठेवलेले सुटे थर, १९९४च्या तिसऱ्या आवृत्तीत मिळाले; तोपर्यंत चिकटवलेला भाग मूळ चित्रात एकदा मिसळला की सुटा करून पुन्हा सरकवता येत नसे. २००२च्या सातव्या आवृत्तीतला ‘हीलिंग ब्रश’ मला या सगळ्यात सर्वांत महत्त्वाचा वाटतो. तो एका जागेचा पोत उचलतो, पण रंग आणि उजेड जिथे लावायचा त्या जागेचा ठेवतो. पोत आणि प्रकाश या दोन गोष्टी वेगळ्या हाताळायच्या असतात, हे रिटचरचे ज्ञान त्या ब्रशात उतरले.

कोल्हापूरच्या रंकाळा तलावातल्या संध्यामठाच्या काळ्या दगडाचा फोटो एखाद्या चेहऱ्यावर चढवायचा आहे, असे समजू. ‘मल्टिप्लाय’मध्ये चेहऱ्याची १८० ही उजळता (० म्हणजे काळे, २५५ म्हणजे पांढरे) दगडाच्या १२८शी गुणून २५५ने भागली जाते आणि सुमारे ९० उरते; म्हणून सगळा चेहरा काळवंडतो. ‘ओव्हरले’मध्ये गुणाकार करायचा की उजळायचे, हे खालचा चेहरा ठरवतो आणि मधल्या (सुमारे १२८च्या) करड्या रंगाचा त्यावर जवळजवळ काहीच परिणाम होत नाही. यासाठी दगडाचा रंग काढून त्याची सरासरी मधल्या करड्यावर आणतात. मग फक्त त्याचे खड्डे आणि उंचवटे चेहऱ्यात उतरतात. तरीही रेषा सरळच राहतात. त्या वळवण्यासाठी चेहऱ्याचीच करडी प्रत ‘डिस्प्लेस’ फिल्टरला नकाशा म्हणून देतात. त्या नकाशात १२८ असेल तिथे पोत हलत नाही, त्याहून उजळ आणि गडद जागी तो विरुद्ध दिशांना सरकतो. ही प्रत आधी थोडी धूसर करावी लागते, नाहीतर कातडीच्या एकेका छिद्रापाशी पोत फाटतो. शेवटी मास्कवर, म्हणजे पोत कुठे दिसावा आणि कुठे झाकावा हे ठरवणाऱ्या आवरणावर, डोळे, नाकपुड्या आणि ओठ मोकळे करतात, आणि गाल कानाकडे वळतो तिथे दगडाचे खड्डे हाताने दाबून एकमेकांजवळ आणतात.