पंखा थांबला की जाग का येते?

रात्री वीज गेली की घरातले सगळे एकदम जागे होतात. उकाड्याने जाग आली, असं आपण म्हणतो. पण खोली तापायला वेळ लागतो आणि जाग मात्र पंख्याची पाती थांबता थांबताच येते. उलट डिसेंबरात दोन पांघरुणं घेऊन, पंखा एकवर ठेवून झोपणारी माणसंही घरोघरी आहेत. त्यांना वारा नको असतो, आवाज हवा असतो.

झोपेतही कान बंद होत नाहीत. मेंदू बाहेरच्या आवाजांवर पाळत ठेवून असतो आणि त्याला आवाजाच्या मोठेपणापेक्षा आवाजातला बदल जास्त खुपतो. अमेरिकेतल्या काही संशोधकांनी आयसीयूमधला गोंगाट रेकॉर्ड करून तो धडधाकट माणसांना झोपेत ऐकवला. अपेक्षेप्रमाणे त्यांची झोप वारंवार मोडली. मग त्याच गोंगाटात व्हाइट नॉइज, म्हणजे एकसुरी खरखर, मिसळली. एकूण आवाज वाढला, तरी झोपमोड मात्र खूप कमी झाली. 2005 मध्ये प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगात फक्त चार माणसं होती, त्यामुळे त्यावर फार मोठी इमारत उभी करता येणार नाही. पण त्यातून निघालेला मुद्दा पक्का आहे: जाग येणं हे आवाज किती डेसिबल आहे यापेक्षा तो भोवतालच्या शांततेपेक्षा किती वर उसळतो, यावर अवलंबून असतं.

समजा, तुमची खोली 30 डेसिबलवर आहे आणि पहाटे शेजारच्या कुकरची शिट्टी तुमच्या उशीपर्यंत 55 डेसिबलने पोचते. उसळी झाली 25 डेसिबलची. पंख्याने खोलीची पातळी 45 वर नेली, तर तीच उसळी उरते 10 डेसिबलची. शिट्टी जराही कमी झालेली नाही.

अर्थात पंखा प्रत्येक आवाज झाकू शकत नाही, आणि त्याचं कारण कानाच्या आत आहे. अंतर्कर्णातल्या गोगलगाईसारख्या वळणदार नळीत एक लांबट पडदा असतो. त्याच्या एका टोकाला तीव्र स्वर उमटतात, दुसऱ्या टोकाला खर्जातले. दोन आवाज या पडद्यावर एकाच जागी पडले तरच एक दुसऱ्याला झाकतो. अमेरिकेतल्या बेल लॅब्ज या संशोधनसंस्थेतल्या हार्वी फ्लेचर यांनी 1940 मध्ये हे मांडलं: एखादा स्वर बुडवायचा तर त्याच्या आसपासच्या कंप्रतेचा (सेकंदाला किती कंपनं, हर्ट्झमध्ये मोजतात) गोंगाटच कामाला येतो, लांबच्या कंप्रतेचा नाही. व्हाइट नॉइजची करामत इथेच आहे. माणसाला ऐकू येणाऱ्या 20 ते 20,000 हर्ट्झच्या पट्ट्यात प्रत्येक हर्ट्झला त्यात सारखीच ऊर्जा असते, त्यामुळे शिट्टी काय, भांड्यांचा खणखणाट काय, कुठलाही आवाज त्याच्या तावडीत सापडतो.

मात्र निव्वळ व्हाइट नॉइज कानाला गोड लागत नाही. आपण स्वर सप्तकांनी ऐकतो: कंप्रता दुप्पट झाली की एक सप्तक वर. 100 ते 200 हर्ट्झ हे एक सप्तक आणि 10,000 ते 20,000 हेही एकच सप्तक. दुसऱ्याची रुंदी शंभरपट, म्हणून त्यात ऊर्जाही शंभरपट. परिणामी कानावर येतो तो चरचरीत, सुसाट आवाज. जुन्या टीव्हीवर कार्यक्रम संपल्यावर मुंग्या यायच्या, तेव्हा जी खरखर ऐकू यायची ती याच जातीची. (त्या मुंग्यांपैकी साधारण एक टक्का विश्वाच्या जन्मानंतर उरलेल्या प्रारणामुळे असायच्या, हे तेव्हा कुणी सांगितलं असतं तर आम्ही टीव्ही बंद केला नसता.) वरच्या प्रत्येक सप्तकात ऊर्जा सारखीच राहील अशी चढ्या स्वरांना कात्री लावली की पिंक नॉइज मिळतो. पावसाची संततधार त्याच्या जवळ जाते. त्याहून जास्त कात्री लावली की ब्राउन नॉइज, धबधब्यापासून लांब उभं राहिल्यावर येते तशी घनगंभीर घरघर. मोबाइलवरच्या ‘व्हाइट नॉइज’ अॅपमध्ये लोकांना आवडतात ते बहुतेक हे दोन.

लग्नसराईतल्या डीजेपुढे मात्र हे सगळं लुळं पडतं. त्याचा ठोका 50 ते 100 हर्ट्झच्या आसपास असतो, भिंती सहज ओलांडतो, आणि मोबाइलच्या इवल्याशा स्पीकरला तिथे आवाज काढताच येत नाही. मोठा स्पीकर आणून तो झाकायचा, तर घरातच दुसरा डीजे लावल्यासारखं होईल. निवासी भागात रात्रीची कायदेशीर मर्यादा 45 डेसिबल आहे. ती पाळली जाणं हाच तिथला इलाज.

ऑफिसात प्रश्न वेगळा असतो. मोकळ्या हॉलमध्ये पन्नास माणसं बसलेली असताना त्रास गलक्याचा होत नाही, समजणाऱ्या शब्दांचा होतो. दोन टेबलांपलीकडे कुणीतरी हळू आवाजात पगाराचं बोलायला लागलं की आपला हिशेब चुकलाच म्हणून समजा. स, श, त, क यांसारख्या व्यंजनांमुळे शब्द ओळखू येतात, आणि ती असतात क्षीण. छतातल्या स्पीकरमधून बेताची सळसळ सोडली की आधी ही व्यंजनं बुडतात. कुणीतरी बोलतंय एवढं कळतं, काय बोलतंय ते कळत नाही. समुपदेशकाच्या दाराबाहेर ठेवलेलं छोटं यंत्र हेच काम करतं.

कानाची तपासणी केली असेल तर हा गोंगाट तुम्ही ऐकलाही असेल. एक कान अधू असेल तर त्यात सोडलेला मोठा ‘पीं’ कवटीच्या हाडातून पलीकडे जातो आणि चांगला कानच परस्पर हजेरी लावतो. म्हणून ऑडिओलॉजिस्ट, म्हणजे ऐकण्याची तपासणी करणारे तज्ज्ञ, चांगल्या कानात खरखर सोडून त्याला गुंतवून ठेवतात. परदेशात काही ट्रक मागे येताना ‘पीं-पीं’ऐवजी ‘खर्र-खर्र’ करतात, त्यामागेही शास्त्र आहे. आवाज कुठून आला हे ठरवायला कानाला बऱ्याच कंप्रता एकत्र लागतात. एकाच स्वराच्या शिट्टीने माणूस गोंधळतो, खरखरीकडे मात्र पटकन मान वळवतो.

अभ्यासाला याचा उपयोग होतो का? स्वीडिश संशोधकांच्या 2007 मधल्या प्रयोगात एडीएचडी (लक्ष एका जागी टिकवणं जड जाण्याची अवस्था) असलेल्या मुलांची स्मरणाची कामगिरी व्हाइट नॉइजमध्ये सुधारली, पण बाकीच्या मुलांची घसरली. तेव्हा एका भावंडाला मानवलं म्हणून त्याच खोलीत बसलेल्या दुसऱ्यावर ते लादू नये. झोपेबद्दलही जाहिरातींइतकी खात्री विज्ञानाला नाही. 2021 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्याने 38 अभ्यास तपासले आणि पुरावा फारच कच्चा असल्याचं म्हटलं. माझं मत विचाराल तर ज्यांच्या घराबाहेर रस्ता आहे त्यांनी करून पाहावं, ज्यांची खोली मुळातच शांत आहे त्यांनी या फंदात पडू नये. आणि छताला पंखा असताना व्हाइट नॉइजच्या मशीनवर पैसे घालवायचं कारण नाही.

बाळांची गोष्ट जरा नीट सांगायला हवी. ‘शूऽऽ शूऽऽ’ करत बाळाला थोपटणाऱ्या आज्यांना हे आधीपासून ठाऊक होतं. 1990 मध्ये लंडनच्या डॉक्टरांनी ते मोजलं: व्हाइट नॉइज ऐकवलेल्या 20 नवजात बाळांपैकी 16 पाच मिनिटांत झोपली, न ऐकवलेल्या 20 पैकी फक्त 5. हा आकडा बाळांच्या मशीनच्या जाहिरातीत दिसतो. पुढचा सहसा दिसत नाही. 2014 मध्ये कॅनडात अशी 14 यंत्रं तपासली गेली. पूर्ण आवाजात, 30 सेंटिमीटरवर, ती सगळी 50 डेसिबलच्या वर गेली, म्हणजे रुग्णालयातल्या नवजात कक्षासाठी सुचवलेल्या मर्यादेपलीकडे, आणि तीन तर 85 च्याही पुढे. त्याआधी 2003 मध्ये सतत गोंगाटात वाढवलेल्या उंदरांच्या पिल्लांच्या मेंदूतला श्रवणाचा भाग उशिरा पक्व होतो, असं दिसलं होतं. ती उंदरांची पिल्लं होती आणि गोंगाट अष्टौप्रहर होता, हे खरं. तरी बोली शिकण्याच्या वयात घरातलं बोलणं बाळाच्या कानावर स्वच्छ पडायला हवं, यात शंका नाही.

म्हणून मोबाइल उशाशी किंवा पाळण्यात ठेवू नका. तो किमान दोन मीटर लांब असावा, आवाज अगदी लहान, आणि बाळ झोपलं की बंद. तुम्हीही त्याच खोलीत झोपणार असाल तर आणखी एक बघा: हा गोंगाट शेजारच्या कुकरला झाकतो तसाच बाळाच्या कुरकुरण्यालाही झाकतो.