कोकणातली कर्ती माणसं: गिरणीच्या भोंग्यापासून बंद घरांपर्यंत

२००१ ते २०११ या दहा वर्षांत रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या १६ लाख ९७ हजारांवरून १६ लाख १५ हजारांवर आली. सिंधुदुर्गातही सुमारे १९ हजार माणसं घटली. हे आकडे आले तेव्हा बऱ्याच जणांनी आश्चर्य व्यक्त केलं, पण या घटीची मुळं दीडशे वर्षं मागे जातात.

मुंबईत १८५४ साली पहिल्या कापड गिरणीची स्थापना झाली. तिकडे कोकणात डोंगरउताराची जमीन, पावसावरचं एकच पीक आणि गावावर खोताचा, म्हणजे सरकारसाठी सारा गोळा करणाऱ्या वंशपरंपरागत वतनदाराचा, हक्क. कुळाने राबायचं आणि भाताचा मोठा वाटा खोताच्या घरी घालायचा. उरलेल्यात वर्षाची बेगमी होत नसे. महार समाजातल्या तरुणांना लष्कराची वाट होती, तीही एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बंद झाली. मग गिरणी, गोदी, घरकाम, मिळेल ते. बोटीत बसून पोरगा मुंबईला जायचा आणि चाकरमानी व्हायचा.

मात्र तो गावाचाच राहायचा. गिरणगावात एकेका गावाचे गाळे असत. एका खोलीत वीस-पंचवीस पुरुष, प्रत्येकाची एक ट्रंक आणि भिंतीवर एक खुंटी. रात्रपाळीवाला आला की दिवसपाळीवाल्याच्या जागेवर वळकटी पसरायचा. जेवण खानावळवाल्या बाईकडे, भाडं वाटून. पगारातून मनीऑर्डर गावी जायची आणि लावणी, बेणणी, गुरं, म्हातारी माणसं हे सगळं गावातल्या बायका ओढायच्या. कोकणच्या शेतीचा इतिहास लिहिताना या बायकांना दोन ओळींत उरकलं जातं, हे मला अन्यायाचं वाटतं. २००१ सालीसुद्धा रत्नागिरीत दर हजार पुरुषांमागे १,१३६ बायका होत्या.

खोतीविरुद्ध डॉ. आंबेडकरांनी १९३७ साली विधेयक मांडलं, प्रत्यक्ष कायदा १९४९ साली झाला. कुळाला जमीन मिळाली, तरी मुंबईची वाट थांबली नाही. भावाभावांत वाटण्या होऊन तुकडे इतके लहान झाले होते की त्यावर एक घरही चालेना.

खरा बदल जानेवारी १९८२च्या गिरणी संपानंतरचा. काही जण गावी परतले. बाकीचे विरार, नालासोपारा, दिवा, डोंबिवलीकडे सरकले. एका खोलीचं का होईना, स्वतःचं घर झालं आणि बायकोपोरं तिकडेच गेली. आधी एकटा पुरुष जायचा, म्हातारपणी परतायचा. आता अख्खं कुटुंब जाऊ लागलं, पोरं तिथेच शिकली, तिथेच लग्नं झाली. २०११ला रत्नागिरीतलं बायकांचं प्रमाण १,१२२वर आणि सिंधुदुर्गात १,०७९वरून १,०३६वर आलं, ते याच बदलाची खूण मानायला हरकत नाही. १९९८ साली कोकण रेल्वे पूर्ण झाली. तिने गणपतीला येणं सोपं केलं, तसंच कायमचं जाणंही.

रायगडची गोष्ट वेगळी. पनवेल, उरण, रोहा या पट्ट्यात बंदर आणि कारखाने आले, आणि २००१ ते २०११ या दशकात जिल्ह्याची लोकसंख्या १९ टक्क्यांहून जास्त वाढली. रोजगार शेजारी असेल तर माणूस जात नाही, हे रायगडने दाखवलं.

दक्षिणेत, रत्नागिरी-सिंधुदुर्गात मात्र काम आहे आणि माणूस नाही, अशी अवस्था आली. १९९०पासून रोजगार हमीतून शंभर टक्के अनुदानावर वरकस, म्हणजे डोंगरउताराच्या हलक्या जमिनीत आंबा-काजूची लागवड झाली. आज त्या बागांत फवारणी, वानरांपासून राखण, झेल्याने (जाळी लावलेल्या काठीने) आंबा उतरवणं ही कामं बरीचशी नेपाळी गडी करतात. मच्छीमार बोटींवर नेपाळी खलाशी आहेत, चिऱ्याच्या (जांभ्या दगडाच्या) खाणींत कर्नाटकातली कुटुंबं. त्याच वाडीत लावणीला माणूस न मिळाल्याने भाताचे कोपरे पडीक आहेत आणि पटसंख्येअभावी शाळा बंद पडताहेत.

२०२१ची जनगणना वेळेवर झाली नाही, त्यामुळे नियोजन अजून २०११च्या आकड्यांवर चालतं. पुढच्या मोजणीत एकूण लोकसंख्येइतकंच १५ ते ५९ वयोगटाचं गावनिहाय प्रमाण पाहायला हवं, आणि बागेत-बोटीवर राबणारे बाहेरचे कामगार त्यात कसे धरले जातात तेही.