दिवाणी दाव्यात सरकारी दप्तरातील कागद मागवण्याची प्रक्रिया

दावा दिवाणी न्यायालयात आणि त्यासाठी लागणारा कागद तहसील कार्यालयाच्या, भूमी अभिलेख खात्याच्या किंवा नगरपालिकेच्या दप्तरात, अशी स्थिती असेल तर तो कागद न्यायालयामार्फत मागवता येतो. मात्र जो कागद साध्या अर्जावर मिळू शकतो त्यासाठी न्यायालयाने समन्स काढावे, ही विनंती सहसा मान्य होत नाही. म्हणून सुरुवात नक्कल अर्जानेच करावी. ज्या सार्वजनिक दस्तऐवजाची पाहणी करण्याचा हक्क आपल्याला आहे, त्याची प्रमाणित प्रत फी भरल्यावर देणे भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ७५ नुसार संबंधित अधिकाऱ्यावर बंधनकारक आहे. माहिती अधिकाराचा मार्गही खुला असतो. महाराष्ट्रात त्यासाठी १० रुपये शुल्क आहे, अर्ज एकाच विषयाचा व १५० शब्दांच्या आत असावा लागतो आणि उत्तराची सर्वसाधारण मुदत ३० दिवसांची आहे. नकार आला किंवा उत्तरच आले नाही, तर अर्जाची पोच आणि आलेले पत्र जपून ठेवावे, कारण पुढे न्यायालयातील अर्जाचा खरा आधार तोच असतो.

न्यायालयात असा अर्ज दाव्यातील कोणताही पक्षकार करू शकतो. पण तो कोणत्या तरतुदीखाली करायचा, हे संबंधित कार्यालय दाव्यात पक्षकार आहे की नाही यावर ठरते. शासन किंवा नगरपालिका प्रतिवादी असेल तर दिवाणी प्रक्रिया संहितेचा आदेश ११ लागू होतो (‘आदेश’ म्हणजे इथे संहितेतील नियमांचे प्रकरण). त्यातील नियम १२ खाली, ताब्यात असलेल्या कागदांची शपथेवर यादी मागता येते आणि नियम १४ खाली प्रत्यक्ष कागद हजर करण्याचा आदेश मागता येतो. लेखी कैफियतीत, म्हणजे प्रतिवादीने दाव्याला दिलेल्या उत्तरात, ज्या कागदाचा उल्लेख आहे, तो पाहू द्यावा अशी नोटीस नियम १५ खाली थेट देता येते; ही सोय फारशी वापरली जात नाही, याचे नवल वाटते. न्यायालयाचा हुकूम होऊनही तो न पाळल्यास नियम २१ नुसार प्रतिवादीचा बचाव रद्द होऊ शकतो. व्यापारी न्यायालयांतील दाव्यांना मात्र आदेश ११ चे वेगळे, अधिक कडक रूप लागू आहे.

कार्यालय पक्षकार नसेल तर आदेश १६, नियम ६ नुसार केवळ कागद हजर करण्याचे समन्स काढता येते. अधिकाऱ्याने स्वतः न येता तो कागद न्यायालयात पोहोचता केला तरी समन्सचे पालन झाले असे मानले जाते. समन्स काढायच्या अशा अधिकाऱ्याचे नाव, वादमुद्दे (न्यायालयाने निर्णय द्यायचे मुद्दे) निश्चित झाल्यापासून १५ दिवसांच्या आत द्यायच्या साक्षीदारांच्या यादीत असावे. नसल्यास उशिराचे कारण सांगून परवानगी घ्यावी लागते. प्रवास व भत्त्याची रक्कमही न्यायालयात भरावी लागते.

अर्जासोबत शपथपत्र, नक्कल अर्जाची पोच, नकाराचे पत्र आणि मागितलेल्या कागदांचे नेमके वर्णन जोडावे. कागदाचे वर्णन समन्समध्ये पुरेशा अचूकतेने असावे असे नियमच सांगतो, आणि बहुतेक अर्ज इथेच फसतात. ‘जमिनीची सर्व कागदपत्रे मागवावीत’ अशी मागणी म्हणजे अंधारात चाचपडणे आहे, असा आक्षेप समोरचा वकील हमखास घेतो. त्याऐवजी गावाचे नाव, गट क्रमांक, फेरफार क्रमांक व वर्ष देऊन, ‘त्या फेरफाराच्या वेळी काढलेल्या नोटिसा, हितसंबंधितांचे जबाब आणि मंडळ अधिकाऱ्यांचा मंजुरीचा शेरा’ असे लिहावे, आणि प्रत्येक कागद कोणत्या वादमुद्द्यासाठी लागतो हेही एका वाक्यात सांगावे.

दुसऱ्या दाव्याचे किंवा प्रकरणाचे न्यायालयीन रेकॉर्ड हवे असेल तर आदेश १३, नियम १० वापरावा. तिथे शपथपत्रात दोन गोष्टी दाखवाव्या लागतात: ते रेकॉर्ड या दाव्यात कसे महत्त्वाचे आहे, आणि त्याची प्रमाणित प्रत अवाजवी विलंब किंवा खर्चाशिवाय मिळत नाही किंवा न्यायासाठी मूळ प्रतच हजर होणे आवश्यक आहे.

कागद गोपनीय आहे, अशी हरकत कार्यालय घेऊ शकते. राज्यकारभाराविषयीच्या अप्रकाशित शासकीय अभिलेखातून पुरावा देण्यास साक्ष्य अधिनियमाच्या कलम १२९ नुसार खातेप्रमुखाची परवानगी लागते. तरीही कलम १६५ प्रमाणे समन्स मिळालेल्या व्यक्तीने, कागद आपल्या ताब्यात असल्यास, हरकत असली तरी तो न्यायालयात आणायचाच असतो. हरकत ग्राह्य आहे की नाही, हे न्यायालय ठरवते. सर्वोच्च न्यायालयाच्या उत्तर प्रदेश राज्य विरुद्ध राज नारायण (१९७५) या निकालानुसार अशी हरकत मंत्र्याच्या किंवा खातेप्रमुखाच्या शपथपत्रावर घेतली जाणे अपेक्षित आहे. त्यामुळे लिपिकाने तारखेला येऊन ‘फाईल गोपनीय आहे’ एवढेच तोंडी सांगितले, तर तेवढ्यावर थांबू नये. खातेप्रमुखाचे शपथपत्र दाखल करण्याचा आदेश व्हावा, असा लेखी अर्ज त्याच तारखेला द्यावा.