‘कोन भारी शे?’: गिटारवादकांच्या तुलनेमागचा इतिहास

खान्देशात वरात निघाली की बेंजोवाल्यावरून वाद ठरलेलाच. दोन बॅन्ड समोरासमोर आले की पोरं नाचता नाचता विचारतात, ‘‘कोन भारी शे?’’ तो वाद निदान मिटतो तरी, कारण दोघांच्या हातात वाद्य एकच आणि गाणंही बहुधा तेच. जळगाव-भुसावळकडची गिटार शिकणारी मुलं विजेवरची गिटार वाजवणारा रॉकवाला जिमी हेन्ड्रिक्स मोठा की स्पेनच्या फ्लामेंको संगीतातला, बिनविजेची गिटार वाजवणारा पाको दे लुसिया यावर भांडतात, तेव्हा मात्र ती दोन वेगळ्या वाद्यांबद्दल बोलत असतात.

आजच्या क्लासिकल गिटारचा आकार एकोणिसाव्या शतकात स्पेनच्या अंतोनियो दे तोरेस यांनी पक्का केला. आंद्रेस सेगोव्हिया (१८९३-१९८७) यांनी ती मोठ्या सभागृहात नेली, पण वाद्यवृंदात तिचा आवाज दबायचाच. तिथे वीज कामाला आली. विजेवरची पहिली यशस्वी गिटार १९३२ च्या सुमारास रिकनबॅकर कंपनीने विकायला काढली आणि ती होती हवाईयन पद्धतीची, मांडीवर आडवी घेऊन स्टीलच्या कांडीने वाजवायची! रॉकच्या सगळ्या गदारोळाचं मूळ अशा मांडीवरच्या वाद्यात आहे, ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते.

चार्ली ख्रिश्चन हा गिटारवादक १९३९ मध्ये बेनी गुडमन यांच्या जॅझ ताफ्यात आला आणि पितळी वाद्यांच्या बरोबरीने एकेरी सुरांत गिटार वाजवू लागला. पंचविसाव्या वर्षी तो गेला, तोवर ताल धरणारी गिटार पुढे येऊन बोलू लागली होती. क्रमवारीची हौस याच काळातली. ‘डाउनबीट’ या जॅझच्या मासिकाने १९३६ पासून वाचकांचा कौल घ्यायला सुरुवात केली. पुढे ‘रोलिंग स्टोन’ने २००३ मध्ये शंभर आणि २०२३ मध्ये अडीचशे नावांची यादी काढली. दोन्हींत पहिला हेन्ड्रिक्स. त्याचा मान त्याला मिळायलाच हवा, पण या याद्यांत भरणा रॉक आणि ब्लूजवाल्यांचा. ज्याच्या कानावर जे पडलं, त्याचीच ती यादी.

म्हणून मी विचारतो ते एवढंच: याच्या आधी गिटारमधून हे निघत होतं का? जॅझ गिटारवादक जँगो राइनहार्टची डाव्या हाताची दोन बोटं १९२८ च्या आगीत जवळपास निकामी झाली. उरलेल्या दोन बोटांवर त्याने अशी चाल बसवली की धडधाकट हातांनाही ती जड जावी. जॉन मॅकलॉफ्लिन यांनी भारतीय संगीत आणि जॅझ एकत्र आणणाऱ्या ‘शक्ती’ या आपल्या ताफ्यासाठी गिटारच्या पडद्यांमधलं लाकूड कोरून घेतलं, म्हणजे तार खाली दाबून-ओढून मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर सलग घसरत जाणं, काढता येते.

आणि ब्रिजभूषण काबरा. जोधपूरच्या या माणसाने हवाईयन गिटारवर आलाप मांडला. १९६७ च्या ‘कॉल ऑफ द व्हॅली’त शिवकुमार शर्मांचं संतूर आणि हरिप्रसाद चौरसियांची बासरी यांच्या जोडीला त्यांची गिटार आहे. त्याच वाटेवर विश्वमोहन भट्ट यांना १९९४ मध्ये ग्रॅमी मिळालं.

मी स्वतः मांडीवर गिटार घेऊन बसतो. कोमल रिषभावरून षड्जावर उतरताना कांडी केसभर पुढे-मागे झाली तरी सूर फाटतो, सावरायला पडद्याचा आधार नाही. मे महिन्यात जळगावचा पारा पंचेचाळीसला टेकला की तारा सैल पडतात, दर पंधरा मिनिटांनी मिळवाव्या लागतात. अशाच एका दुपारी वाद घालणाऱ्या मुलांना काबरांची तबकडी ऐकवली, नाव न सांगता. एकाने डोळे मिटून ऐकलं आणि विचारलं, ‘‘सर, हाई सरोद शे का?’’ त्याचा कान चुकला नव्हता. काबरांचे गुरू होते सरोदवादक अली अकबर खाँ.