कर्नलच्या उंबरठ्यावर थांबलेली प्रोसेस

प्रोग्रॅमला फाइल उघडायची असो, नेटवर्कवर काही पाठवायचं असो की जास्तीची मेमरी हवी असो, ते काम तो स्वतः करत नाही, कर्नलकडे, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्याकडे, मागतो. ही मागणी म्हणजे सिस्टीम कॉल. म्हणूनच एखादा प्रोग्रॅम धड एरर न देता बंद पडला आणि त्याचा सोर्स कोड हाताशी नसला, तरी तो कुठली फाइल शोधत होता हे एसट्रेस या सिस्टीम कॉल टिपणाऱ्या टूलच्या एका ओळीत कळतं: ओपनअ‍ॅट हा फाइल उघडण्याचा कॉल, मग फाइलचा पाथ, आणि शेवटी उणे एक व ईएनओईएनटी. फाइल त्या जागी नव्हती, एवढाच त्याचा अर्थ. ही ओळ मिळण्याची सोय युनिक्समध्ये मुळात नव्हती.

1975 च्या सहाव्या आवृत्तीत पीट्रेस हा सिस्टीम कॉल आला. त्याच्या जोरावर पॅरेंट प्रोसेस (प्रोसेस म्हणजे चालू असलेला प्रोग्रॅम) आपण सुरू केलेल्या चाइल्ड प्रोसेसला थांबवू शकायची, तिची मेमरी एकेक वर्ड करून वाचू शकायची आणि बदलूही शकायची. पण चाइल्ड थांबायची ती सिग्नल (कर्नलकडून येणारी सूचना) आल्यावर. ‘कर्नलमध्ये शिरताना थांबव’ असं सांगायला मार्गच नव्हता.

पुढे दोन वाटा फुटल्या. टॉम किलियन यांनी 1984 मध्ये प्रोसेसच फाइलसारखी उघडता येईल अशी प्रॉक फाइल सिस्टीम मांडली. रॉजर फॉकनर आणि रॉन गोम्स यांनी ती सिस्टीम फाइव्ह रिलीज 4 या युनिक्सच्या आवृत्तीत आणली आणि तिच्यावर ट्रस हे सिस्टीम कॉल दाखवणारं टूल उभं राहिलं. दुसरीकडे सन कंपनीच्या सनओएस या युनिक्सवर ट्रेस नावाची कमांड होती. तिच्यावरून पॉल क्रॅनेनबर्ग यांनी 1991 मध्ये एसट्रेस लिहिलं. ब्रँको लँकेस्टर यांनी ते लिनक्सवर आणलं आणि त्यासाठी कर्नलमध्ये लागणारा आधारही स्वतःच लिहिला. 1993 मध्ये रिक स्लॅडकी यांनी सनओएस आणि लिनक्सवरच्या दोन्ही शाखा एकत्र केल्या आणि ट्रसची बरीच वैशिष्ट्यं त्यात घातली.

लिनक्सवर ही यंत्रणा अशी चालते. डीबगर, म्हणजे दुसऱ्या प्रोग्रॅमला थांबवून तपासणारा प्रोग्रॅम, पीट्रेसला सांगतो, ‘पुढच्या सिस्टीम कॉलपर्यंत जाऊ दे.’ प्रोसेस कर्नलमध्ये शिरताना एकदा थांबते आणि बाहेर पडताना पुन्हा एकदा. 64 बिटच्या एक्स86 वर कॉलचा नंबर आरएएक्स या रजिस्टरमध्ये, म्हणजे प्रोसेसरमधल्या छोट्या साठवणीच्या जागेत, असतो, राइटसाठी 1, ओपनअ‍ॅटसाठी 257. आर्ग्युमेंट आरडीआय, आरएसआय, आरडीएक्स, आर10, आर8 आणि आर9 मध्ये क्रमाने येतात. परतताना आरएएक्समध्येच निकाल येतो, म्हणून मूळ नंबर कर्नल ओरिग-आरएएक्स या नावाने वेगळा जपून ठेवतो.

खरी अडचण अशी की हे दोन थांबे बाहेरून हुबेहूब सारखे दिसत. आत जातेय की बाहेर येतेय, याचा हिशोब डीबगरने स्वतः ठेवायचा. मध्ये एक थांबा जादा मोजला गेला की पुढची प्रत्येक ओळ उलटी: निकालाच्या जागी आर्ग्युमेंट, आर्ग्युमेंटच्या जागी निकाल. शिवाय ब्रेकपॉइंटलाही (कोडमध्ये मुद्दाम ठेवलेल्या थांब्यालाही) तोच सिगट्रॅप हा सिग्नल यायचा. नंतर ट्रेससिसगुड हा पर्याय आला आणि सिस्टीम कॉलचा थांबा सिग्नल नंबर 5 ऐवजी 133 असा वेगळा कळू लागला. आत की बाहेर, हा प्रश्न मात्र तसाच राहिला. एक्स86 वर आत शिरताना आरएएक्समध्ये उणे 38 भरलेलं असतं, त्यावरून अंदाज बांधला जाई. कर्नलनेच याचं थेट उत्तर द्यायला 2019 चं लिनक्स 5.3 उजाडावं लागलं. इतक्या साध्या माहितीसाठी इतकी वर्षं लागायला नको होती, असं मला मनापासून वाटतं.

जीडीबी या डीबगरच्या 7.0 आवृत्तीने 2009 मध्ये लिनक्सवर ‘कॅच सिसकॉल’ ही कमांड दिली, आणि माझ्या मते डीबगिंग करणाऱ्यासाठी ती मोठीच भेट होती. काय मागितलं हे एसट्रेस दाखवायचंच. आता ‘कॅच सिसकॉल राइट’ लावून, थांबल्यावर ‘बीटी’ टाइप केलं की कुठल्या फंक्शनने मागितलं तेही त्याच जागी दिसू लागलं.

या पद्धतीची किंमत वेळेत मोजावी लागते. प्रत्येक कॉलमागे दोन थांबे, आणि दर थांब्याला डीबगरकडे जाऊन परत येणं. खूप कॉल करणारा प्रोग्रॅम त्यामुळे कित्येक पट मंदावतो. बीएसडी या युनिक्सच्या शाखेतल्या केट्रेसने नोंदी कर्नलमध्येच करून हे टाळलं होतं. 2005 च्या सोलॅरिस 10 मधल्या डीट्रेसने चालू सिस्टीमवर नेमके प्रश्न विचारायची सोय दिली आणि लिनक्सवर ते काम पुढे पर्फ आणि ईबीपीएफ या कर्नलमध्येच नोंदी घेणाऱ्या सोयींकडे आलं. एसट्रेसनेही 5.3 आवृत्तीपासून सेककॉम्प या कर्नलमधल्या कॉल गाळणाऱ्या सोयीची मदत घेऊन, हवे तेच कॉल थांबवायची वाट धरली.

त्याच 2019 मध्ये लिनक्स 5.1 बरोबर आयओ-युरिंग आलं. त्यात प्रोग्रॅम आपल्या मागण्या कर्नलसोबतच्या सामायिक मेमरीतल्या रांगेत लिहून ठेवतो. शंभर रीड एका कॉलमध्ये जाऊ शकतात, आणि रांगेवर कर्नलचाच थ्रेड नजर ठेवून असेल तर तो एक कॉलही बऱ्याचदा लागत नाही. एसट्रेसमध्ये मग अशा रीतीने वाचलेल्या फाइलवरचं एकही रीड दिसत नाही, आणि शोध घ्यायला कर्नलमधल्या ट्रेसपॉइंटकडेच, म्हणजे त्याच्या कोडमध्ये आधीच ठेवलेल्या नोंदीच्या जागांकडेच, वळावं लागतं.