विदेशी मोटारी, मुंबईच्या बाजारातील

परदेशात तयार झालेल्या किंवा परदेशी कंपनीच्या नावाने विकल्या जाणाऱ्या प्रवासी मोटारींचा मुंबई शहर व उपनगरांतील व्यापार. विशेषतः त्यांपैकी अनेक नावे स्थानिक ग्राहकांत का रुजली नाहीत, याचा विचार. बोलीत अशा मोटारीला ‘फॉरेनची गाडी’ किंवा ‘इंपोर्टेड’ म्हणतात. जुन्या पिढीत ‘विलायती मोटार’ हा शब्द होता. हे शब्द सैलपणे वापरले जातात. सुझुकी जपानी व ह्युंदाई कोरियन असूनही त्यांच्या मोटारींना कोणी फॉरेनची म्हणत नाही; मर्सिडीझची जोडणी चाकणला होत असली तरी ती इंपोर्टेडच ठरते. लोकव्यवहारातला हा भेद कंपनीच्या मूळ देशावरून पडलेला नाही. सुटा भाग कुठे मिळतो, कोण बसवतो आणि गाडी पुढे किती रुपयांना जाते, यांवरून तो पडलेला दिसतो.

संज्ञा व शुल्कवर्ग : सीमाशुल्काच्या भाषेत दोन मुख्य वर्ग आहेत. पूर्ण बांधणी होऊन बोटीतून उतरणारी मोटार ‘सीबीयू’ आणि सुट्या भागांचा संपूर्ण संच म्हणून येऊन येथे जोडली जाणारी ‘सीकेडी’. ४० हजार डॉलरपेक्षा अधिक आयातमूल्याच्या पूर्ण मोटारीवर २०२५ च्या अर्थसंकल्पानंतर मूळ शुल्क ७० टक्के व कृषी पायाभूत उपकर ४० टक्के, म्हणजे एकूण ११० टक्के भार पडतो. इंजिन व गिअरबॉक्स जोडलेले नसतील अशा संचावर मात्र मूळ शुल्क १५ टक्के असते. उदाहरणादाखल, ५० लाख रुपये आयातमूल्याची मोठी पेट्रोल मोटार शुल्कासह १ कोटी ५ लाखांवर जाते. ४० टक्के वस्तू व सेवा कर धरला की १ कोटी ४७ लाख होतात. त्यावर आयात मोटारींसाठी राज्याचा २० टक्के एकरकमी वाहनकर. विम्यापूर्वीच मूळ किमतीची साडेतीन पट होते. महाग मोटारी कमी कराच्या परराज्यात नोंदवून मुंबईत फिरवण्याचा प्रघात यातूनच पडला. वाळकेश्वरच्या इमारतींखाली पुदुच्चेरी किंवा झारखंडच्या क्रमांकपट्ट्या दिसतात त्या तेथील पाहुण्यांच्या असतातच असे नाही.

संच कशाला म्हणावे आणि नुसते सुटे भाग कशाला, हा प्रश्न दिसतो तितका शाब्दिक नाही. वेगवेगळ्या खेपांत, वेगवेगळ्या दिवशी आलेले भाग शेवटी एकाच मोटारीचे असतील तर त्यांना संच धरायचे का? श्कोडा-फोक्सवॅगनच्या भारतीय कंपनीला सप्टेंबर २०२४ मध्ये याच मुद्द्यावर सुमारे १.४ अब्ज डॉलरच्या करमागणीची नोटीस निघाली. कंपनीने आरोप नाकारून मुंबई उच्च न्यायालयात आव्हान दिले.

आयात धोरणाच्या इतर अटीही बारीक आहेत. सुकाणू उजव्या हाताला हवे, वेगमापक किलोमीटरमध्ये हवा, दिव्यांचा झोत डाव्या बाजूच्या वाहतुकीला जुळणारा हवा. वापरलेली मोटार तीन वर्षांपेक्षा जुनी नको, आणि ती उतरवण्यासाठी धोरणाने मुंबई बंदर नेमून दिले. सप्टेंबर २०१८ पासून वर्षाला २,५०० मोटारींपर्यंत येथील प्रमाणन-चाचणीतून सूट मिळाली, तिचा लाभ मुख्यतः अतिमहाग गाड्यांना झाला.

प्रारंभ : मुंबईत पहिली मोटार केव्हा आली, याविषयी मतभेद आहेत. भारतातील पहिली मोटार १८९७ मध्ये कलकत्त्यात क्रॉम्प्टन ग्रीव्ह्जचे फॉस्टर यांची, असे बहुतेक लेखक धरतात. पतियाळाच्या महाराजांकडे १८९२ मध्येच फ्रेंच मोटार होती, असेही काहींचे म्हणणे आहे. मुंबईपुरते पाहता १८९८ मध्ये चार मोटारी आल्या व त्यांपैकी एक जमशेटजी टाटांची होती, ही परंपरा सर्वाधिक उद्धृत होते. दुसरी परंपरा जमशेटजींची मोटार १९०१ च्या सुमारास ठेवते. मोटार बंदरावर उतरणे, ती रस्त्यावर धावणे आणि विशिष्ट मालकाच्या नावाशी जोडली जाणे या तीन गोष्टींची गल्लत झाल्याने ही तफावत पडली असावी. तसे असल्यास शहरात मोटार येण्याचे वर्ष म्हणून १८९८ स्वीकारण्यास अडचण नाही, आणि १९०१ हे फार तर मालकीविषयक आख्यायिकेचे वर्ष ठरते. टॅक्सी म्हणून मोटार १९११ मध्ये व्हिक्टोरिया घोडागाड्यांच्या शेजारी उभी राहिली. मोटारमालकांची वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाइल असोसिएशन १९१९ मध्ये स्थापन झाली. या काळात सर्वच मोटारी विदेशी होत्या, त्यामुळे ‘विदेशी’ हा वेगळा वर्गच नव्हता.

फोर्डची भारतीय कंपनी १९२६ मध्ये, कॅनडातील शाखेमार्फत, मुंबईत आली. जनरल मोटर्सने १९२८ मध्ये शिवडीला जोडणी कारखाना काढून शेवरोले गाड्या बाहेर काढल्या. दोघांचेही भाग बोटीने येत. उद्योगपती वालचंद हिराचंद यांनी संपूर्ण देशी कारखान्याचा आग्रह धरला. फोर्डशी बोलणी फिसकटल्यावर क्रायस्लरशी करार झाला. १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स नोंदली गेली व कुर्ल्याच्या कारखान्यातून १९४७ मध्ये गाड्या निघू लागल्या. १९५३ च्या सुमारास टॅरिफ कमिशनच्या शिफारशीनुसार, टप्प्याटप्प्याने येथेच निर्मिती करण्याचा कार्यक्रम नसलेल्या जोडणी कंपन्यांनी काम बंद करावे असे धोरण ठरले. जनरल मोटर्सने १९५४ मध्ये शिवडीचा कारखाना मिटवला. फोर्डही गेली. परदेशी नावाने मुंबईतून काढता पाय घेण्याची ही पहिली वेळ होती आणि ग्राहकाचा त्यात काही दोष नव्हता.

फियाट : विदेशी नाव पूर्णपणे मुंबईकर झाल्याचे हे एकमेव निर्विवाद उदाहरण. इटलीत १९५३ मध्ये आलेली फियाट ११०० कुर्ल्यात १९५४ पासून जोडली जाऊ लागली. त्या पहिल्या गोलसर गाडीला ‘डुक्कर फियाट’ म्हणत. नाकाडासारख्या बॉनेटमुळे हे नाव पडले, ही व्युत्पत्ती सामान्यतः मान्य आहे. काहींनी ते पाठीच्या गोलाईवरून लावले आहे, पण शेजारी उभे राहून गाडीचे तोंड पाहिले की पहिली व्युत्पत्तीच पटते. पुढे सिलेक्ट, सुपर सिलेक्ट, १९६४ ची डिलाइट आणि १९७० च्या दशकात प्रीमियरचा फियाटशी करार संपल्यावर ‘प्रीमियर पद्मिनी’ अशी नावे बदलत गेली. १,०८९ घनसेंमी. इंजिन आणि सुकाणूच्या दांड्यालाच गिअरचा दांडा. त्यामुळे पुढच्या सलग बाकावर तिसरा माणूस सहज बसे. नाव पद्मिनी झाले तरी टॅक्सीवाले व गिऱ्हाईक तिला अखेरपर्यंत फियाटच म्हणत राहिले.

तिचे बळ साधेपणात होते. कार्बोरेटर रस्त्याच्या कडेला उघडून फुंकता येई, क्लचप्लेट दुपारच्या जेवणाच्या वेळात बदलून होई, आणि हवा तो भाग ऑपेरा हाउसच्या दुकानांत नवा किंवा कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर जुना मिळे. मिस्त्रीला पुस्तकाची गरज नव्हती. टॅक्सींची वयोमर्यादा २००८ मध्ये २५ व २०१३ मध्ये २० वर्षे झाली; शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ अखेर सेवेतून गेली.

याच फियाटने नव्या काळात, त्याच शहरात, मार खाल्ला हे अधिक उद्बोधक आहे. १९९६ मध्ये प्रीमियरबरोबर आलेली उनो कामगार तंटे व पुरवठ्यात अडकली. २००१ ची पॅलिओ समीक्षकांना भावली. तिच्या प्रचाराला सचिन तेंडुलकर होते, त्यांच्या स्वाक्षरीची ‘एस १०’ ही आवृत्तीही निघाली. वांद्र्याच्या साहित्य सहवासात वाढलेल्या फलंदाजाहून मोठी शिफारस मुंबईत मिळणे अवघड. तरी गाडी चालली नाही. फियाटकडूनच तेंडुलकरांना भेट मिळालेल्या फेरारीच्या शुल्कमाफीवर २००३ मध्ये वाद झाला. शेवटी एक कोटीहून अधिक शुल्क कंपनीने भरले, आणि आयातशुल्क म्हणजे काय हे बऱ्याच वाचकांना त्या बातम्यांतून प्रथम कळले. २०१९ च्या सुमारास फियाट हे नाव येथील विक्रीतून नाहीसे झाले.

उदारीकरणानंतर : १९९३ मध्ये मोटार उद्योगासाठी सरकारी परवाना घेण्याची सक्ती रद्द झाली. कल्याणजवळच्या प्रीमियर कारखान्यातून पूझो ३०९ निघाली व काही वर्षांतच थांबली. ओपेल १९९६ ते २००६ टिकली. शेवरोले २००३ मध्ये परतली आणि २०१७ अखेर विक्री बंद करून गेली. तिचा तळेगावचा कारखाना निर्यातीसाठी डिसेंबर २०२० पर्यंत चालला. फोर्डने सप्टेंबर २०२१ मध्ये उत्पादन थांबवण्याची घोषणा केली. डॅटसन २०२२ मध्ये संपली. याउलट ह्युंदाई (सँट्रो, १९९८) व किया (२०१९) यांनी सुरुवातीपासून भाग येथेच बनवून घेतले व सेवाकेंद्रांचे जाळे विणले. श्कोडा-फोक्सवॅगननेही पुढे ९५ टक्क्यांपर्यंत स्थानिक भागांचे लक्ष्य ठेवून कुशाक (२०२१) आणली.

कारणे : काही अभ्यासक किंमत हेच मूळ कारण मानतात, काही ‘अॅव्हरेज किती देते?’ या प्रश्नापाशी थांबतात. दोन्ही खरे असले तरी अपुरे वाटते, कारण स्वस्त व कमी इंधन पिणाऱ्या विदेशी गाड्याही पडल्या आहेत. कंपनी टिकेल काय, ही शंका अधिक खोलवर आहे. ओपेल, शेवरोले, फोर्ड गेल्यावर जुन्या गाड्यांच्या बाजारात त्यांचा भाव उतरला, हे प्रत्येक सोसायटीत कुणी ना कुणी अनुभवले. दलाल गाडीभोवती एक फेरी मारतो, बॉनेटला हातही लावत नाही आणि म्हणतो, ‘गाडी चांगली आहे, पण घेणार कोण?’ पुढच्या ग्राहकाच्या मनात हे वाक्य शोरूममध्ये शिरण्याआधीच असते.

कररचनेनेही आकार ठरवला. २००६ च्या अर्थसंकल्पाने चार मीटरपेक्षा कमी लांबी आणि १,२०० घनसेंमी.पर्यंत पेट्रोल किंवा १,५०० घनसेंमी.पर्यंत डिझेल इंजिन असलेल्या मोटारीचा उत्पादनशुल्कदर २४ वरून १६ टक्क्यांवर आणला. युरोपातील सर्वसाधारण हॅचबॅक काही सेंटिमीटरने या मापाबाहेर पडे, आणि तेवढ्यासाठी नवा साचा काढणे मूळ कंपनीला परवडत नसे. सप्टेंबर २०२५ च्या नव्या दरांतही (१८ व ४० टक्के) चार मीटरची रेघ कायम आहे. एसयूव्ही कोणती हे ठरवताना जमिनीपासूनची उंची १७० मिमी. धरली जाते, ती रिकाम्या गाडीची मोजायची की भरलेल्या, यावर बरीच चर्चा होऊन २०२३ मध्ये ‘रिकाम्या’ असा खुलासा झाला.

शहराची स्वतःची मापे वेगळी आहेत. मोटार बहुधा ड्रायव्हर चालवतो, मालक मागे बसतो. म्हणून मागच्या सीटचा आराम व मागचे एसी-झरोके निर्णायक ठरतात. मर्सिडीझने २०१७ मध्ये ई-क्लास लांब चाकांतराची आणली ती याच हिशेबाने. दादर-गिरगावातील पुनर्विकसित इमारतींत गाड्या एकावर एक लोखंडी पाळण्यात चढवतात. बाजूच्या खांबावर कमाल उंची व वजन रंगवलेले असते, आणि नवी गाडी घेण्याआधी लोक टेप घेऊन खाली उतरतात. हॉर्नचेही तसेच : जर्मन माणूस वर्षभरात वाजवतो तेवढा मुंबईकर दिवसात वाजवतो, अशा आशयाचे विधान आउडीच्या तत्कालीन भारतप्रमुखांनी २०१२ च्या सुमारास केले होते, व येथील गाड्यांना अधिक टिकाऊ हॉर्न बसवावे लागतात.

पावसाचा भाग तांत्रिक आहे. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिमी. पाऊस झाला. पाण्यात चालू इंजिनाने हवेच्या नळीतून पाणी ओढले की दट्ट्या वर येताना ते दाबले जात नाही व जोडदांडा वाकतो. यास ‘हायड्रोस्टॅटिक लॉक’ म्हणतात. बंद पडलेली गाडी पुन्हा सुरू करण्याचा प्रयत्न झाल्यास नुकसान वाढते आणि विमा कंपन्या दावा अडवतात. बुटक्या सेडानमध्ये हवेची नळी खाली असेल तर मिलन किंवा अंधेरी सबवेत, हिंदमाताला, धोका अधिक. पाणी जुन्या फियाटमध्येही शिरे. पण प्लग पुसून, सीटा उन्हात टाकून ती चालू होत असे. नव्या गाडीत सीटखाली संगणकीय नियंत्रक असू शकतो, आणि तो परदेशातून यायचा असेल तर गाडी सेवाकेंद्रात आठवडेच्या आठवडे उभी राहते.

मराठी कुटुंबांत आणखी एक कसोटी आहे, जी बाजारपेठीय पाहण्यांत क्वचितच येते : गणपतीत गाडी गावी जाणार का? पनवेल सोडल्यावर महाड, कशेडी, खेड, चिपळूण या वाटेत कुठेही बिघडली तर जवळचा फिटर तिला हात लावेल का, हे सासरे-मेहुणे आधी विचारतात. मारुतीविषयी हा प्रश्न कोणी विचारत नाही. सीएनजीचेही कारण आहेच. महानगर गॅसचे पंप शहरभर झाल्यावर कारखान्यातूनच सीएनजी बसवून न देणाऱ्या कंपन्यांनी रोज लांब प्रवास करणारा मोठा ग्राहकवर्ग गमावला.

विजेच्या मोटारी : केंद्राने मार्च २०२४ मध्ये ४,१५० कोटी रुपये गुंतवणुकीच्या हमीवर, ३५ हजार डॉलर व त्यावरील मूल्याच्या विद्युत मोटारींना १५ टक्के शुल्काची सवलत जाहीर केली. टेस्लाने हा मार्ग न घेता १५ जुलै २०२५ रोजी वांद्रे-कुर्ला संकुलात देशातील पहिले दालन उघडले. शांघायहून आयात होणाऱ्या मॉडेल वायची किंमत ५९.८९ लाखांपासून होती. तीस लाखांवरील विद्युत मोटारींवर ६ टक्के कर लावण्याचा राज्याचा प्रस्ताव मार्च २०२५ मध्येच मागे घेतला गेला, आणि ऑगस्टपासून अटल सेतू व मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर विद्युत मोटारींना पथकर माफ झाला. जुन्या गृहनिर्माण संस्थांत मात्र चार्जर बसवायचा तर सभेचा ठराव लागतो, आणि तळमजल्यावरचे मीटर कोणाच्या नावावर घ्यायचे यावर ती सभा अडते.